घुबडं मोजायला चाललीय म्हणे!

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री ओटा पुसत होते, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. माझ्या पोटात गोळाच आला. वाटलं, भाऊजींना पुन्हा दवाखान्यात नेलं की काय.

"आक्का, तुझ्या भाचीला जरा समजावून सांग बाई. माझं ऐकंना गेली. ती घुबडं मोजायला जाते म्हणायली."

"काय मोजायला?"

"घुबडं! तिकडं मेळघाटात. पंधरा दिवस. आम्ही तिच्यासाठी स्थळं बघायलोत आणि हिला घुबडं सुचायलीत. कुणी विचारलं पोरगी कुठंय, तर काय सांगू मी?"

खरं सांगते, मला आधी हसूच आलं. मग लक्षात आलं, बहीण रडतेय ते खरंखुरं रडतेय. तिच्या डोळ्यांसमोर जंगल आहे, रात्र आहे, परकी मुलं आहेत. आणि या सगळ्याच्या वर अपशकुनी घुबड बसलेलं आहे.

भाची नांदेडला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. एका पक्षी-पाहणीसाठी स्वयंसेवक हवे होते, हिने अर्ज केला आणि निवड झाली. घरात विचारलं नाही, सांगितलं. चूक तिचीही होतीच. पण मी समजावलं ते भाचीला नाही, बहिणीला. त्यावरून आमचा आठ दिवस अबोला होता. तेव्हा फोनवर जे धड सांगता आलं नाही, ते आज इथं लिहिते. अशी एखादी पोरगी तुमच्याही घरात असेल, किंवा उद्या निघेल.

आधी घुबडाचं बोलू. घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड उचलून झिजवत बसतं, दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. मी तर मोठेपणीही ऐकत होते. अर्धापूरला आमचा जुना माळवदाचा वाडा होता. वरच्या माडीच्या भिंतीतल्या एका बिळात पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड राहायचं. वर्षानुवर्षं राहायचं, कुणाला त्रास नव्हता. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला. भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी वर बोट दाखवलं, "हे असं घरात बसल्यावर दुसरं काय होणार?" झालं. दुसऱ्या दिवशी बिळापुढे मिरच्यांची धुरी केली, गड्याने काठीने ढोसलं. मोठी घुबडं उडून गेली. कापसाच्या बोंडासारखी तीन पिल्लं खाली फरशीवर पडली. मी ओसरीच्या दारात उभी होते. त्या वर्षी मी चौथीच्या वर्गाला 'पक्षी शेतकऱ्याचे मित्र' शिकवत होते. तोंडातून शब्द काढला नाही. सासूबाई त्यानंतर एकोणीस दिवसांनी गेल्या.

तर हे घुबड असं आपल्या घरातलं आहे. त्याची भीती टिकवतो कोण? रात्री ओरडलं की लेकराला छातीशी धरून "शू, नाव घेऊ नको" म्हणणाऱ्या आपणच. २०१० साली 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेने आपल्या देशातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर अहवाल काढला होता. जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकली जातात आणि दिवाळीच्या सुमाराला ही मागणी वाढते, असं त्यात होतं. लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि लक्ष्मीपूजनालाच त्याचा बळी द्यायचा! घुबडाला मारणं, पकडणं, विकणं या सगळ्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. आपल्या राज्यात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण कायदा काही माडीवर चढून बघायला येत नाही.

आता भाची ज्याला शोधायला निघाली होती त्याच्याविषयी. त्याचं नाव रानपिंगळा. पिंगळा आपल्याला नवा नाही. पहाटेच्या अंधारात कुडमुडं वाजवत दारी येणारा, पिंगळ्याची भाषा कळते म्हणून भविष्य सांगणारा पिंगळा जोशी माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत यायचा. आई सुपात जोंधळे घेऊन जायची. तो ज्याच्या नावाने भविष्य सांगायचा तो गावातला ठिपकेवाला पिंगळा, वडाच्या ढोलीत राहणारा. रानपिंगळा त्याचा चुलतभाऊ म्हणा. उंचीने साधारण तेवढाच, वीतभर. पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, पाय जाडजूड. आणि हा बेटा दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात झाडाच्या शेंड्यावर उघडा बसतो. सरडे, उंदीर, टोळ हे त्याचं जेवण. पिल्लं लहान असताना मादी ढोलीत त्यांच्यापाशी बसते आणि नर शिकार आणून देतो.

या पक्ष्याची गोष्ट भाचीने मला सांगितली आणि मी थक्क झाले. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट या साहेबांना आजच्या छत्तीसगडात तो पहिल्यांदा मिळाला. पुढच्या वर्षी त्याला शास्त्रीय नाव दिलं ते ॲलन ह्यूम यांनी. हो, तेच ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यातले! मग जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहाद्याजवळ, काही पक्षी गोळा केले. शेवटचा १८८४ साली. त्यानंतर काही नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात पेंढा भरलेले पक्षी, आणि जंगलात शून्य. सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ली यांनीही १९७०च्या दशकात शोधलं, मिळाला नाही. संपला, असंच सगळे समजून चालले.

मधे एक गंमत झाली होती. गंमत कसली, फसवणूकच. मायनर्ट्झहागन नावाचे एक मोठे लष्करी अधिकारी होते, पक्ष्यांचे नावाजलेले संग्राहक. १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला आपण हा पक्षी मिळवला, अशी त्यांची नोंद होती. ती सगळ्यांनी खरी धरली. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी तो पक्षी पुन्हा तपासला, तेव्हा कळलं की तो डेव्हिडसननेच खानदेशात मिळवलेला. संग्रहालयातून उचललेला, भरण बदललेला आणि वर खोटी चिठ्ठी लावलेला. ब्लाउजच्या शिवणीवरून आपण शिंपी ओळखतो ना, तसा भरण्याच्या पद्धतीवरून हात ओळखला त्यांनी! मग बाईंनी ती खोटी नोंद खोडून टाकली आणि जिथे हा पक्षी खरोखर मिळाला होता तिथेच शोधायचं ठरवलं. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे दोघं सोबत होते. आधी इतर ठिकाणी हाती काही लागलं नाही. मग तिघं शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, पानं झडलेल्या एका झाडावर, उन्हात तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

११३ वर्षं तो कुठे गेला होता? कुठेच नाही. तिथेच होता. तिथल्या भिल्ल, पावरा आणि मेळघाटातल्या कोरकू बायांना तो दिसत असणार, मोह वेचताना, सरपण आणताना. त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

पुढचं काम तर माझ्या भाचीला आपलंच वाटावं असं आहे. १९९८ ते ९९ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक यांनी या पक्ष्याचा शोध घेतला. १४ जंगलं पालथी घातली आणि त्यातल्या चार ठिकाणी मिळून २५ रानपिंगळे सापडले, उत्तर महाराष्ट्रात आणि लगतच्या मध्य प्रदेशात. तरुण मुलगी, आणि त्या वेळचे ते रस्ते, मोबाईल नाहीत! पुढे गिरीश जठार आणि असद रहमानी यांनी तोरणमाळकडे काम केलं. पुण्याच्या प्राची मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेळघाट आणि मध्य प्रदेशातला सातपुडा पिंजून काढला. मग गुजरातेतल्या डांगमध्येही सापडला. २०१४ला तर मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर, तानसाच्या जंगलात दिसला. २०१८ साली जागतिक यादीत रानपिंगळ्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' वर्गात आणलं. आजही प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. म्हणजे पक्षी काही भराभर वाढले नव्हते. बघायला जाणारी माणसं वाढली होती.

तुम्ही म्हणाल, मोजून काय होतं? बहीण हेच म्हणाली. "मोजल्यानं का पिल्लं जास्तीची होतात?"

होत नाहीत. पण असं बघा. जंगलात कुठे तोड करायची, कुठली झाडं राखायची याची वनखात्याची कार्य आयोजना असते, एकेका वनविभागाची, साधारण दहा वर्षांची. रानपिंगळा घरटं करतो जुन्या झाडाच्या ढोलीत. आणि लाकडाच्या हिशेबात जुनं, वाकडं, पोकळ झाड म्हणजे बिनकामाचं. इथे रानपिंगळा आहे हे कागदावर असेल, तरच ते झाड राखा असं कुणी म्हणू शकतं. वणवा आधी कुठे रोखायचा, रस्ता कुठून वळवायचा, सगळं त्या नोंदीवरच. वाघासाठी अभयारण्य असतं. हा पक्षी मात्र पुष्कळदा विरळ जंगलात असतो, शेताच्या, गुरचरणाच्या कडेला. तिथे माणसांचीही पोटं आहेत. नोंदच नसेल तर या दोघांचं काही जुळवणार तरी कसं?

मोजणी कशी करायची असते तेही सांगते. पहाटे निघायचं. ठरलेल्या वाटेवर ठरावीक अंतरावर थांबायचं. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज थोडा वेळ लावायचा, मग गप्प राहून कान द्यायचा. उत्तर आलं, पक्षी दिसला, की वेळ, जागा, झाड, आजूबाजूचं जंगल, सगळं लिहायचं. उत्तर आलं नाही तर तेही लिहायचं. शून्य. भाची म्हणाली, "मावशी, बहुतेक ठिकाणी शून्यच येतो. आणि तो शून्य खरा असला पाहिजे."

हे वाक्य मला लागलं. का, ते सांगते.

मी २००१ आणि २०११ अशा दोन जनगणनांत प्रगणक होते. शाळेतल्या बायांना हे काम चांगलं ठाऊक आहे. २००१चा फेब्रुवारी, शेवटचे दोन दिवस. माझ्या वाट्याला माळावरचा एक तांडा होता, मुख्य वस्तीपासून तीन किलोमीटर. घरी मुलगा तापाने फणफणलेला. मी तांड्याच्या तोंडाशी लिंबाखाली बसले आणि नाईकाला विचारून शेवटची सहा घरं भरून टाकली. कुणाच्या घरी किती, कुणाचं वय काय, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. अक्षर सुबक, फॉर्म नीट, वरून शाबासकी. महिन्याभराने एक म्हातारी शाळेत आली. शेताच्या कडेला एकटीच झोपडी करून राहायची. म्हणाली, "बाई, सगळ्यांकडं येऊन गेलीस म्हणे. माझं नाव लिहिलंस का?" नाईकाच्या लक्षात ती आली नव्हती. माझ्या कागदावर ती नव्हतीच. मी तिला काय सांगितलं असेल? "लिहिलंय आजी" म्हणाले.

तेव्हा त्या मायनर्ट्झहागनला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते. त्याने नसलेलं लिहिलं, मी असलेलं गाळलं. दोन्ही घरबसल्याच. अंगणवाडीच्या ताई, आशाताई, तुम्ही रोज रजिस्टर भरता; तुम्हाला माझं म्हणणं जास्त सांगायला नको. उन्हात चालत गेलेली नोंद आणि ओसरीत बसून भरलेली नोंद कागदावर सारखीच दिसते. म्हणून तर जी पोरगी स्वतः चालत जाऊन बघायचं म्हणते, तिला मी अडवू शकले नाही.

आता बहिणीच्या काळजीचं. ती खोटी नव्हती, आणि "काळ बदललाय" असं म्हणून मी ती उडवून लावली नाही. मुलीला जंगलात पाठवताना विचारायचे ते प्रश्न विचारायलाच हवेत. राहायची सोय कुठे? मुलींची खोली वेगळी आहे का? सोबत जबाबदार बाई आहे का? फोन लागत नसेल तर निरोप कसा पोचणार? साप चावला, ताप आला तर गाडी कुठली आणि दवाखाना किती लांब? पाळी आली तर? मी हे सगळे प्रश्न वहीत लिहिले आणि भाचीकडून त्यांच्या प्रमुखांना फोन लावला. पाचांची उत्तरं चोख मिळाली. पाळीच्या प्रश्नाला पलीकडचे गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, "मॅडम, हे आधी कुणी विचारलं नव्हतं. बघतो." दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला आणि काय काय सोबत आणायचं, एखादा दिवस कॅम्पवर थांबायची मुभा आहे, हे नीट सांगितलं. विचारल्याने मार्ग निघतो. 'नको जाऊस' म्हटल्याने फक्त वाद होतो, नाहीतर पोरगी खोटं बोलून जाते.

आणि एक गोष्ट मला खटकते ती बोलून टाकते. मुलाने ट्रेकला जातो म्हटलं की आपण चिवडा बांधून देतो. मुलीने अभ्यासासाठी जाते म्हटलं की आधी स्थळं आठवतात. फराहबाईंच्या, प्राचीबाईंच्या घरी कुणी असं अडवून धरलं असतं तर? त्यांच्या घरी काय झालं मला ठाऊक नाही. पण आपल्या घरात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

भाची गेली. आमच्या अर्धापुरावरूनच गेली. हिंगोली, वाशिम, अकोला, पुढे अकोट, की आलाच मेळघाटाचा पायथा. नकाशात बघितलं तेव्हा मलाच नवल वाटलं. आपल्या दारातून केळीच्या गाड्या ज्या रस्त्याने उत्तरेला जातात, तोच हा रस्ता. मी फाट्यावर जाऊन तिला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. बहिणीने बिब्ब्याचा काळा दोरा पाठवला होता, तोही दिला. पोरीने मुकाट्याने हातात बांधला.

पहिले सहा दिवस शून्य. कुठल्याशा टेकाडावर चढलं की फोन लागायचा, तेव्हा कळायचं. सातव्या दिवशी त्यांच्या मुक्कामाच्या गावातली एक कोरकू म्हातारी सरपणाची मोळी घेऊन येताना भेटली. भाचीने तिला मोबाईलवर आवाज ऐकवला. म्हातारी हसली आणि म्हणाली, हा तर आमच्या नाल्यापलीकडे सकाळी ओरडतो, याला शोधत एवढ्या लांबून आलात? दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेले. दोन होते. भाची म्हणाली, "मावशी, फोटो नीट आला नाही, हात थरथरत होता. पण झाडाची नोंद पक्की केली." मी विचारलं, "म्हातारीचं नाव लिहिलंस का?" म्हणाली, "फॉर्मात तसा रकाना नाही. मी शेऱ्यात लिहिलं."

तसा रकाना असायला हवा. पाहणी करणाऱ्या सगळ्या संस्थांना आणि वनखात्यालाही माझं हे सांगणं आहे. रानात रोज जाणाऱ्या बायांना आधी विचारा, त्यांना दिवसाची मजुरी द्या आणि कागदावर त्यांचं नाव घाला.

पंधराव्या दिवशी पोरगी परत आली, काळवंडलेली, गोचिडांनी चावलेली, आणि भयंकर बडबडी. बहिणीने तिची पिशवी अंगणातच ठेवून घेतली. वरून गोमूत्र शिंपडलं, कपडे उकळत्या पाण्यात टाकले, दाराशी भाकरतुकडा ओवाळला. मी म्हटलं, करू दे, एवढ्यावर भागतंय तर. संध्याकाळी शेजारच्या काकू डोकावल्या, "कुठं गेली होती गं पोरगी एवढे दिवस?" मी कान टवकारले.

"सर्वेला गेली होती," बहीण म्हणाली. मग जरा थांबून, "घुबडाच्या. दोन सापडले त्यांना. सगळ्या जगात हजारसुद्धा नाहीत म्हणे."